खिशातली दवंडी

गावात दवंडी कशी दिली जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कोतवाल चावडीपासून निघतो, चौकात उभा राहतो, हलगीवर चार थापा मारतो आणि माणसे दारात आली की मोजक्या शब्दांत सांगतो : उद्या सकाळी ग्रामसभा आहे, किंवा, नदीला पाणी सोडणार आहेत, गुरे काठावर नेऊ नका. सांगून झाले की तो पुढच्या चौकाकडे वळतो. त्याने हलगी वाजवली म्हणजे काही तरी कामाचेच असणार, एवढा भरवसा गावाला असतो. हा भरवसा नसता, तर चुलीवरची भाकरी सोडून कोणी बाई दारात आली असती का?

आज अशीच एक दवंडी आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे. फोन खिशात असतो, आपण शेतात असतो, वर्गावर असतो, नाहीतर एस.टी.ची वाट पाहत उभे असतो. फोन एकदम वाजतो आणि पडद्यावर वरच्या अंगाला एक पट्टी उतरते. बँकेत पैसे जमा झाले, पाऊस येणार आहे, कुणाचा तरी वाढदिवस आहे, अमक्या दुकानात साड्या स्वस्त झाल्या आहेत. या पट्टीला पुश नोटिफिकेशन म्हणतात. पुश म्हणजे ढकलणे. आपण विचारायला गेलेलो नसताना पलीकडून ढकलून आपल्यापर्यंत पोचवलेली सूचना, असा त्याचा अर्थ. आपण सारेच आता नुसते 'नोटिफिकेशन' म्हणतो, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो.

आपण म्हणाल, हा विषय संगणकवाल्यांचा. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने यात कशाला पडावे? प्रश्न रास्त आहे. झाले असे, की आमचा तालुका कालव्याखालचा. आमच्या भागातल्या एका पाणी वापर संस्थेसाठी आमच्या महाविद्यालयातल्या संगणक विभागाच्या मुलांनी एक ॲप तयार केले. सहकार हा विषय मी शिकवतो म्हणून मला त्या कामात सल्लागार नेमले. शेजपाळीचे पत्रक त्या ॲपमध्ये होते. कोणत्या चारीला केव्हा पाणी सुटणार, कोणाची पाळी किती वाजता आणि किती तास, सारे त्यात पाहायला मिळे. मुलांना अभिमान वाटत होता, मलाही वाटत होता. पण महिनाभरात ध्यानात आले, की ॲप कोणी उघडतच नाही. एक सभासद मला म्हणाले, "सर, तुमचं ॲप चांगलं आहे. पण ते उघडायचं कधी, हे आम्हाला कोण सांगणार?"

श्रोतेहो, या एका वाक्यात नोटिफिकेशनची सगळी गरज आली. पाळीपत्रक कपाटात ठेवले काय नि ॲपमध्ये ठेवले काय, माणसाला वेळेवर हाक मारणारे कोणी नसेल तर दोन्ही सारखेच. म्हणून आम्ही त्या ॲपला नोटिफिकेशनची जोड द्यायचे ठरवले. ते करताना काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते आज आपल्याला सांगणार आहे. शाळेसाठी, दूध संस्थेसाठी, पतसंस्थेसाठी असे ॲप करणारी मुले आता गावोगाव आहेत. त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना यातले काही उपयोगी पडावे.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. समजा, आपल्या नावाचे पत्र येणार आहे. ते आले का हे पाहायला आपण दर तासाला पोस्टात खेपा घातल्या, तर दिवस तिथेच जाईल आणि पायही दुखतील. सुरुवातीला पुष्कळ ॲपे असेच करीत. थोड्या थोड्या वेळाने ती आपल्या सर्व्हरला, म्हणजे दूर कुठे तरी चालू असलेल्या मुख्य संगणकाला, विचारीत : "माझ्यासाठी काही आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येई, "नाही." फोनची बॅटरी मात्र प्रत्येक खेपेला झिजे. फोनवर वीस ॲपे असली तर वीस जणांच्या खेपा!

याला तोड म्हणजे पोस्टमन. साऱ्या गावाची पत्रे एकच पोस्टमन आणतो. पत्र पाठवणारा प्रत्येक जण आपला स्वतंत्र माणूस धाडीत नाही. फोनमध्येही हीच व्यवस्था झाली. ॲपल कंपनीने २००८ साली तिची घोषणा केली आणि २००९ च्या जूनमध्ये ती आयफोनवर चालू झाली. गुगलने अँड्रॉइड फोनांसाठी २०१० साली तशीच सेवा आणली. तिचे नाव आणि रूप दोनदा बदलून २०१६ पासून ती फायरबेस क्लाउड मेसेजिंग या नावाने ओळखली जाते. या व्यवस्थेत फोन एकच जोडणी उघडी ठेवतो, ती थेट ॲपलशी किंवा गुगलशी. पाणी वापर संस्थेचा सर्व्हर आपला निरोप गुगलच्या हवाली करतो आणि गुगल तो त्या एकाच वाटेने फोनपर्यंत पोचवतो. आपले ॲप त्या वेळी झोपलेले असले तरी चालते. आयफोनसाठीचा निरोपही फायरबेसकडे देता येतो, तो पुढे ॲपलकडे सोपवला जातो. त्यामुळे आमच्या मुलांना दोन निराळी कामे करावी लागली नाहीत.

आता पोस्टमनला पत्ता लागतो. इथला पत्ता म्हणजे टोकन, अक्षरे आणि अंक यांची एक लांबलचक ओळ. ॲप फोनवर बसवले की ते गुगलकडून टोकन मागून घेते आणि आपल्या सर्व्हरला कळवते : "या सभासदाचा पत्ता हा." इथे पहिली खोच आहे. हा पत्ता माणसाचा नसतो, त्या फोनवरच्या त्या ॲपचा असतो. सभासदाने फोन बदलला, किंवा ॲप काढून पुन्हा टाकले, की टोकन बदलते. जुन्या टोकनावर पाठवलेला निरोप कोणालाच मिळत नाही. म्हणून ॲपने टोकन बदलल्याचे सर्व्हरला पुन्हा पुन्हा कळवले पाहिजे, आणि सर्व्हरने मेलेली टोकने यादीतून काढली पाहिजेत. अँड्रॉइडवर २७० दिवस ज्याची काही हालचाल नाही, ते टोकन फायरबेस स्वतःच बाद समजते. मतदारयादीतली मयतांची नावे काढतात ना, तसलेच हे काम. कंटाळवाणे आहे, पण टाळून चालत नाही.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. आपला सर्व्हर जेव्हा गुगलला निरोप देतो, तेव्हा तो आपली ओळख पटवतो. त्यासाठी एक गुप्त किल्ली असते. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने सोय म्हणून ती ॲपच्या आतच ठेवली होती. त्याच्या शिक्षिकेने वेळीच पाहिले म्हणून बरे. ॲप हे हजारो हातांत जाते. जाणता माणूस ते उकलून आतली किल्ली काढू शकतो आणि मग संस्थेच्या नावाने वाटेल ते पाठवू शकतो. संस्थेचा शिक्का चावडीवर टांगून ठेवण्यासारखेच ते झाले. किल्ली सर्व्हरवर, कुलपातच राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी, परवानगीची. आयफोनवर पहिल्यापासूनच ॲपला विचारावे लागते, "मी तुम्हाला सूचना पाठवू का?" अँड्रॉइडवर ही अट २०२२ साली, तेराव्या आवृत्तीपासून आली. आयफोनवर हा प्रश्न एकदाच विचारता येतो. अँड्रॉइडवर दोनदा नकार मिळाला की ॲपला तो पुन्हा विचारता येत नाही. मग सभासदाने आपण होऊन सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली तरच.

आता पाहा, पुष्कळ ॲपे उघडल्या उघडल्या, रामराम नाही की ओळखपाळख नाही, हाच प्रश्न विचारतात. माणूस गोंधळतो आणि 'नको' म्हणून मोकळा होतो. आमच्याही ॲपने आधी हेच केले. मग मुलांनी जागा बदलली. सभासद स्वतःचे नाव शोधतो, आपली पाळी पाहतो आणि त्याखाली त्याला दोन ओळी दिसतात : "पाळीच्या दोन तास आधी आपल्याला कळवावे का? वेळ बदलली तरीही कळवू." त्यावर 'हो' म्हटले, की मगच फोनचा तो अधिकृत प्रश्न पुढे येतो. कशासाठी विचारतात हे कळले, की माणूस आनंदाने परवानगी देतो.

इथवर सारे ठीक चालले होते. मुलांनी ॲप उघडे असताना, मिटलेले असताना, फोन तासभर पडून राहिलेला असताना अशा सगळ्या तऱ्हांनी पाहून घेतले. ॲप उघडे असताना आलेली सूचना अँड्रॉइडवर आपोआप वर दिसत नाही, ती ॲपने स्वतः दाखवावी लागते, ही चूकही त्यातच सापडली. पाळीच्या सूचना वेळेवर जाऊ लागल्या. सभासद खूष होते.

आणि मग मी एक शहाणपणा केला.

मी मुलांना म्हणालो, पाळी काही रोज नसते. आवर्तन संपले की लोक ॲप विसरून जातील. त्यांना रोज काही तरी पाठवीत जा. पाठवायला पैसे तर पडत नाहीत! आणि ते खरेच आहे. फायरबेस सूचना पोचवण्याचे मोल घेत नाही. मग काय, सकाळी सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, कांद्याचा भाव, एखादा सुविचार, संस्थेच्या कार्यक्रमाची छायाचित्रे. पहिल्या आठवड्यात लोकांनी कौतुक केले. पुढे कौतुक थांबले. सूचनेवर बोट ठेवणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे, असे एका विद्यार्थिनीने मला सर्व्हरवरचे आकडे दाखवून सांगितलेही. मी म्हणालो, सुगीचे दिवस आहेत, लोक कामात असतील.

रब्बीचे दुसरे आवर्तन चालू होते. वरच्या एका चारीला भगदाड पडले. तिचे पाणी बंद करावे लागले आणि आमच्या चारीला ते एक दिवस आधीच सोडले. सगळी शेजपाळी एक दिवस अलीकडे आली. दुपारी चारच्या सुमारास ॲपवरून सूचना गेली : "पाळीत बदल." चारीच्या शेपटाकडे एका वयस्क शेतकऱ्याचे दोन एकर गव्हाचे रान आहे. त्यांची पाळी उद्याच्या रात्रीऐवजी आजच रात्री दोन वाजता आली होती. पण त्यांच्या फोनवर काहीच वाजले नाही. दिवसभर फोन वाजतो, आजोबांची झोपमोड होते, म्हणून नातवाने पंधरा दिवसांपूर्वीच आमच्या ॲपच्या सूचना बंद करून टाकल्या होत्या. रात्री दारे धरायला कोणी गेले नाही. पाणी पुढच्याच्या रानात गेले. गहू पोटरीत आलेला, विहीर आटलेली आणि पुढचे आवर्तन लांब.

चार दिवसांनी ते महाविद्यालयात आले. मला वाटले, रागावतील. ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सर, तुम्ही रोज हाक मारायचा, आम्ही रोज बघायचो. कधी काही कामाचं नसायचं. मग बघायचं सोडलं."

मी म्हणालो, "आण्णा, चूक माझी आहे." यापलीकडे बोलायला माझ्याजवळ काही नव्हते. पीक अगदी गेले नाही, पण दाणा बारीक भरला आणि उतारा घटला. तो तोटा माझ्या त्या फुकटच्या सुप्रभातांनी केला, असे मी आजही मानतो.

श्रोतेहो, मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पण हा धडा मला पुस्तकाने दिला नाही, त्या गव्हाने दिला. सूचना पाठवणाऱ्याला फुकट असते, ऐकणाऱ्याला ती फुकट नसते. तो आपले लक्ष देतो, हातातले काम मोडतो, झोप मोडतो. पत्र लिहिणाऱ्याला निदान तिकीट लावावे लागे, त्यामुळे लिहिण्यापूर्वी तो विचार करी. ज्या गोष्टीला पाठवणाऱ्याच्या बाजूला किंमत नाही, ती वाटेल तितकी पाठवली जाते, आणि सारी किंमत घेणाऱ्याच्या माथी बसते. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या पोराला मी वर्गात किती वेळा हसलो असेन! त्या पोराच्या जागी मीच जाऊन उभा राहिलो होतो.

त्यानंतर आम्ही काय केले ते सांगतो, कारण नुसत्या पश्चात्तापाने पाट वाहत नाही.

पहिले असे, की सुप्रभात बंद. सुविचारही बंद.

दुसरे, सूचनांची वर्गवारी केली. अँड्रॉइडवर २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून सूचनांचे निरनिराळे कप्पे करता येतात. आम्ही तीन केले : 'माझी पाळी', 'संस्थेची कामे' आणि 'बाजारभाव'. पाळीची सूचना मोठ्याने वाजते. संस्थेची सूचना आवाज न करता नुसती दिसते. बाजारभाव ज्याने मागितला त्यालाच जातो. सभासद यांतला नको तो कप्पा बंद करू शकतो आणि बाकीचे चालू राहतात. पूर्वी त्या नातवापुढे सगळे ठेवा नाहीतर सगळे बंद करा, एवढेच दोन मार्ग होते. त्याने कंटाळून दुसरा धरला, यात त्याचा काय दोष? एक लक्षात ठेवावे, की कप्पा प्रथम करताना त्याचा आवाज आपण ठरवतो; पुढे तो बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा असतो, आपला नव्हे. हे मला फार न्याय्य वाटते.

तिसरे, मजकूर. एका निरोपात जास्तीत जास्त ४०९६ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी हीही वेगळी मोजली जातात, म्हणून 'पाणी' या दोन अक्षरी शब्दाला बारा बाइट पडतात. तरीसुद्धा जागा पुष्कळ उरते. अडचण असते ती जागेची नव्हे, पडद्याची. बंद फोनच्या पडद्यावर एक-दोन ओळीच दिसतात. आमची जुनी सूचना अशी होती : "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, काही तांत्रिक कारणास्तव..." आणि पुढे तीन टिंबे! पाणी केव्हा येणार ते त्या टिंबांच्या पलीकडे. आता लिहितो : "आज रात्री २ वाजता आपले पाणी. उद्याची पाळी आज झाली." त्या सूचनेवर बोट ठेवले, की ॲपचे पहिले पान उघडत नाही, थेट त्या सभासदाचे पाळीचे पान उघडते. शिक्षक मित्रांनो, कमीत कमी शब्दांत नेमके लिहिण्याचा सराव मुलांना द्यायचा असेल, तर याहून चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

चौथे, सूचनेचे आयुष्य. फोन बंद असेल, किंवा रानात रेंज नसेल, तर निरोप गुगलकडे थांबून राहतो आणि जोडणी होताच येतो. आपण काही सांगितले नाही तर तो चार आठवड्यांपर्यंत राहू शकतो. पण रात्री दोनच्या पाळीचा निरोप सकाळी आठला मिळून काय उपयोग? उलट माणूस तो वाचून आजच्या रात्रीची पाळी समजेल आणि दुसरा घोटाळा होईल. म्हणून पाळीची वेळ उलटली की निरोप आपोआप रद्द व्हावा, अशी मुदत घातली. पाळी दोनदा बदलली तर दुसरी सूचना पहिलीच्या जागी बसते, तिच्या खाली रांग लावत नाही.

पाचवे, एकांत. फोनचा पडदा घरातले सगळे पाहतात, शेजारीही पाहतात. पाणीपट्टीची थकबाकी किती, हे आकड्यासह पडद्यावर झळकवणे म्हणजे चौकात उभे राहून कुणाची उधारी वाचून दाखवणे. शाळेच्या ॲपमध्ये मुलाचे गुण किंवा गैरहजेरी यांबाबतही हेच. "आपल्यासाठी एक सूचना आहे, ॲपमध्ये पाहावी," एवढे बाहेर, बाकीचे आत.

आणि सहावे. इतके सारे करूनही नोटिफिकेशन पोचेलच, अशी खात्री कोणी देत नाही. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला निजवून ठेवतात. अँड्रॉइडवर कोणी सेटिंगमध्ये जाऊन ॲप सक्तीने बंद केले, तर ते पुन्हा उघडेपर्यंत त्याला निरोप मिळत नाही. आपण पाठवला म्हणजे गुगलने घेतला, एवढेच कळते. गुगलने घेतला म्हणजे फोनवर पोचला असे नव्हे, आणि फोनवर पोचला म्हणजे माणसाने वाचला असेही नव्हे. त्या दुपारी आमच्या सर्व्हरने लिहून ठेवले होते : सूचना पाठवली. कागद अगदी बरोबर होता. रान मात्र कोरडे राहिले.

यावर आमच्या मुलांनी उपाय काढला तो साधा आहे. पाळीत बदल झाल्याच्या सूचनेबरोबर आता एक बटण येते : 'समजले'. तासाभरात ज्यांनी ते दाबले नाही, त्यांची यादी संस्थेच्या सचिवांपुढे येते. सचिव त्यांना फोन करतात. फोन लागला नाही तर पाटकरी सायकलवर जाऊन सांगून येतो. यंत्राची हाक जिथे संपते तिथे माणसाची हाक सुरू व्हावी, अशी ही जोडणी. आता यादीत नावे थोडी असतात, म्हणून हे जमते. सगळ्यांना फोन करत बसायचे असते तर जमले नसते. यंत्राने काम हलके केले ते असे.

श्रोतेहो, आता दोन शब्द सूचना घेणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या सर्वांसाठी. त्रास झाला म्हणून सगळ्याच नोटिफिकेशन बंद करू नका. घरातल्या जाणत्या मुलाला जवळ बसवा आणि एकेक ॲप पाहा. जे काही विकायला येते, खेळायला बोलावते, ते बंद करा. जे प्राणांशी आणि पोटाशी संबंधित आहे, ते चालू ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' नावाचे ॲप आहे. आपण जिथे आहोत तिथून वीस ते चाळीस किलोमीटरांच्या आत विजा पडू लागल्या, की ते फोनवर सूचना देते. वळवाच्या दिवसांत रानात काम करणाऱ्याने ही सूचना कधीही बंद ठेवू नये. तिच्याबरोबर येणारी दहा ॲपांची बडबड थांबवली, तरच ती ऐकू येईल.

२०२३ साली एक वेगळीच सूचना देशातल्या पुष्कळ फोनांवर कर्कश आवाजात वाजली होती, आणि माणसे घाबरली होती. ती चाचणी होती. ती सूचना ॲपमधून येत नाही. मोबाइलचा मनोरा आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनांना ती एकदम ऐकवतो. तिला टोकन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. पुरासारख्या संकटासाठी ती राखून ठेवलेली आहे. तिचे बळ याच्यातच आहे, की ती क्वचित वाजते.

आणि एक सावधगिरी. सूचना आपल्या बँकेच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने आली, घाई करा म्हणाली आणि ओटीपी मागू लागली, तर ती दवंडी कोतवालाची नव्हे, भामट्याची आहे असे समजावे. त्या पट्टीवर बोट ठेवू नये. खात्री करायचीच असेल तर आपण होऊन बँकेचे ॲप उघडावे, किंवा शाखेत जाऊन विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. आपली मुले उद्या अशी ॲपे तयार करणार आहेत. ती कशी तयार करायची हे त्यांना कुठेही शिकायला मिळेल. हाक केव्हा मारायची आणि केव्हा गप्प बसायचे, हे मात्र आपणच शिकवायला हवे, आणि ते शिकवण्याचे साधन आपल्या प्रत्येक शाळेत टांगलेले आहे. शाळेची घंटा! ती ठरल्या वेळी वाजते म्हणून साऱ्या शाळेची पावले वळतात. कोणी येता-जाता ती बडवू लागला, तर आठ दिवसांत तिच्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा पाहणार नाही, आणि खरेच आग लागेल त्या दिवशी ती कितीही बडवली तरी वर्ग हलणार नाही.

ते आण्णा गेल्या रब्बीत मला चारीवर भेटले. हातात फावडे होते. मी विचारले, "आण्णा, फोन वाजतो का हल्ली?"

"कधीमधी वाजतो," ते म्हणाले. "पण वाजला की मी उठतो."